साडूचा सोनेरी बिल्ला

साडूच्या फोटोखाली सोनेरी बिल्ला लागल्याची बातमी उस्तादांना मिळाली बायकोकडून आणि बायकोला मिळाली तिच्या धाकट्या बहिणीकडून. म्हणजे बातमी थेट साडूच्या घरातूनच आली होती. ती खोटी असण्याची काही आशा नव्हती.

"अहो, ऐकलंत का? धाकटीचे हे प्रमाणित झाले."

"काय झाला?"

"प्रमाणित! ऑनलाइन अरबी आणि कुराण शिकवणारे प्रमाणित शिक्षक. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा पास झाले. बघा ना, फोटोखाली कसा गोल बिल्ला चमकतोय."

उस्तादांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, बायकोच्या फोनमध्ये पाहिलं आणि "वा, चांगलं झालं" असं म्हणाले. म्हणताना पोटात अशी कळ आली की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "सकाळचा चहा बाधला वाटतं," ते म्हणाले. चहाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता उस्ताद काही वाईट मनाचे नव्हेत. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली, मेहुण्याने दुसरा मजला चढवला, सगळं त्यांनी शांतपणे सोसलं होतं. गाडी आणि मजला हा त्यांचा प्रांत नव्हताच. पण हा साडू! टायरच्या दुकानात पावत्या फाडणारा हा इसम अकरा वर्षांपूर्वी ह्याच घरात, ह्याच खिडकीखालच्या स्टुलावर बसून तीन वर्षं त्यांच्याकडे शिकला होता. कोणतं अक्षर घशातून येतं, कोणतं जिभेच्या टोकावरून, कुठला स्वर किती ताणायचा, कुठे थांबायचं, हे सगळं उस्तादांनी त्याच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवलं. एक घशातलं अक्षर यायला त्याला सव्वा महिना लागला होता आणि तेवढा काळ घरातल्या सगळ्यांना तो आजारी आहे असं वाटत होतं. आता त्याच्या फोटोखाली बिल्ला. उस्तादांच्या फोटोखाली काय? तर 'नेटवर्क कमकुवत आहे' ही सूचना.

तरीही हे सगळं पोटातच राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या एका ऑनलाइन विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला.

ही मुलगी म्हणजे उस्तादांच्या डोळ्यांची बाहुली. सहा वर्षांची होती तेव्हा दूरच्या एका देशातून पडद्यावर आली. पुढचे दोन दात पडलेले आणि अक्षरं त्या फटीतून निसटायची. आता ती दहा वर्षांची होती. कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे भागांपैकी, सत्तावीस तिचे उस्तादांसमोर वाचून झाले होते आणि तीन उरले होते. बावीस वर्षांत उस्तादांनी शेकडो मुलं शिकवली, पण कोणी दहाव्या पाऱ्यात शाळा बदलली, कोणी बाराव्यात क्रिकेटकडे वळलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच विद्यार्थ्याला नेण्याचा योग त्यांना एकदाही आला नव्हता. हे शेवटचं पान आपण आपल्या कानांनी ऐकायचं, एवढी एकच हाव त्यांना उरली होती.

"सर, राग मानू नका," मुलीची आई म्हणाली, "पण आपले वर्ग चालतात ते पोर्टलवाले रोज विचारतात, तुमच्या पाल्याचे शिक्षक प्रमाणित आहेत का म्हणून. तिचे बाबा म्हणतात, बिल्लेवाले सर बघू. महिनाअखेरपर्यंत तुमचं झालं तर प्रश्नच नाही. नाहीतर... एक सर बघून ठेवलेत. फोटोत किती शांत दिसतात."

तिने फोटो पाठवला. फोटोत साडू होता. शांत दिसत होता. न दिसायला त्याला झालंय काय!

त्या दिवशी उस्तादांनी अर्ज भरायला घेतला. हातात तेवीस दिवस होते.

अर्जात पहिलाच रकाना होता पात्रतेचा. उस्तादांची छाती फुगली, कारण त्यांच्याजवळ सनद होती. ह्या विद्येत सनद म्हणजे साधं कागदाचं भेंडोळं नव्हे. अमक्याने तमक्याकडे शिकून वाचून दाखवलं, त्या तमक्याने त्याच्या गुरूला वाचून दाखवलं, अशी गुरूंची अखंड साखळी त्यात लिहिलेली असते. उस्तादांच्या सनदेत अशी अठ्ठावीस नावं होती. कापडात गुंडाळलेली ती सनद त्यांनी कपाटातून काढली, हात धुऊन तिचा फोटो घेतला आणि पाठवून दिला. चौथ्या दिवशी मंडळाच्या मदतकक्षातून एका बाईंचा फोन आला. आवाज गोड होता. अशा आवाजात कधी चांगली बातमी आलेली उस्तादांना आठवत नव्हती.

"सर, तुमचं प्रमाणपत्र मिळालं. जारी करणाऱ्यांचा ईमेल हवा होता."

"ते वारले. एकोणीस वर्षं झाली."

"अरेरे. मग यादीत त्यांच्या वरती जे आहेत त्यांचा?"

"तेही वारले."

"त्यांच्या वरचे?"

"बाई, ही यादी वरवर जाते. सगळ्यांत वरचे गृहस्थ जाऊन बाराशे वर्षं झाली असतील."

पलीकडे थोडा वेळ कळफलक वाजला. "ठीक आहे सर, सगळ्यांचा नको. अठ्ठावीसपैकी कोणाही एकाचा चालू मोबाइल नंबर दिलात तरी चालेल."

उस्तादांनी फोन ठेवला आणि डोकं धरून बसले. मग बायकोला म्हणाले, "साडूने ह्या बाईला काय सांगितलं असेल गं? त्याची साखळी तर माझ्यातूनच जाते!"

"त्यांचा गुरू जिवंत आहे ना," बायको कणीक मळता मळता म्हणाली. "त्यांनी तुमचा नंबर दिला. मागे तुम्हाला एक फोन आला होता, तुम्ही 'कर्ज नको' म्हणून कापलात, आठवतंय? दुसऱ्यांदा आला तेव्हा मी घेतला. मी सांगितलं, हो, आमच्याकडेच शिकले, फार गुणी आहेत."

म्हणजे साडूच्या बिल्ल्याला आपल्याच घराचा हातभार! उस्तादांना त्या दिवशी पाणीसुद्धा गोड लागेना.

ह्या वेळी कथेत वरच्या मजल्यावरचे विमावाले उतरले. विमावाले म्हणजे कोणाच्याही अडचणीत न बोलावता येणारे आणि चहा घेतल्याशिवाय न जाणारे सज्जन. त्यांनी अर्ज वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "उस्ताद, माझं ऐका. कागदाचं नंतर बघू. अर्जाबरोबर मागितलेला तुमच्या पाठाचा व्हिडिओ असा करू की मंडळ उठून उभं राहिलं पाहिजे. आजकाल सगळं दिसण्यावर आहे."

त्यांनी आपल्या मुलीचा गोल दिवा आणला. तो लावल्यावर उस्तादांच्या चष्म्यात दोन चंद्र उगवले. पाठीमागे पुस्तकांचं कपाट हवं म्हणून विमावाल्यांनी स्वतःच्या जाडजूड फायली आणून रचल्या. त्यांच्या पाठींवर 'अपघात', 'मृत्यू दावे' आणि 'बुडीत' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, हे चित्रण संपल्यावर लक्षात आलं.

पण घोटाळा फायलींनी केला नाही. उस्तादांची शिकवायची पद्धत जुनी होती. विद्यार्थी वाचतो, उस्ताद डोळे मिटून ऐकतात. हातात पेन्सिल. चूक झाली की टेबलावर एक टकटक. विद्यार्थी थांबतो, मागे जातो, आपली चूक आपणच शोधतो. सापडली नाही तरच उस्ताद तोंड उघडतात. त्यांच्या उस्तादांनी त्यांना असंच शिकवलं होतं. मुलगी त्या दिवशी पाऊण पान एकही चूक न करता वाचून गेली. उस्ताद डोळे मिटून इतके सुखावले की पेन्सिल हातातच राहिली.

व्हिडिओ तपासायला मंडळाने कुठलीशी प्रणाली ठेवली होती. तिचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. 'सत्राचा कालावधी पंधरा मिनिटे. शिक्षक झोपलेले आढळले अकरा मिनिटे चाळीस सेकंद. विद्यार्थिनीने शिक्षकांना न उठवता अभ्यास पूर्ण केला, हे कौतुकास्पद.'

"झोपलेले!" उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. "बावीस वर्षांत मी वर्गात जांभई दिली नाही!"

"घरात देता की," बायको म्हणाली.

"आणि तो? तो काय डोळे फाडून शिकवतो?"

"धाकटी म्हणत होती, ते परीक्षेत सारखे हसले म्हणून."

झालं. दुसऱ्या व्हिडिओत उस्ताद सबंध पंधरा मिनिटं पापणी न लववता पडद्याकडे बघत आणि दात दाखवत बसले. दर दोन मिनिटांनी "शाब्बास! फारच छान!" असं ओरडायचं, असं विमावाल्यांनी दाराआडून हात दाखवून ठरवलं होतं. चौथ्या शाब्बासला मुलगी वाचायची थांबली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "सर, माझं काही चुकलं का? तुम्ही रागावलाय का?" प्रणालीने मात्र शेरा दिला, 'अत्यंत उत्साही', आणि त्यांना पास केलं.

एव्हाना महिन्याचे नऊ दिवस उरले होते. त्यात मंडळाचं पत्र आलं. सनदेतल्या व्यक्तींशी संपर्क होत नसल्याने अर्जदाराने एखाद्या प्रमाणित शिक्षकाला आपलं पठण ऐकवावं आणि त्याचा श्रवण-अहवाल जोडावा.

उस्तादांच्या ओळखीत प्रमाणित शिक्षक एकच होता.

"एक फोन करा ना," बायको म्हणाली. "घरचेच आहेत. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत."

"मी? मी त्याच्यापुढे परीक्षेला बसू? आडवा नेला तरी बसणार नाही!"

"मग मुलगी जाईल त्यांच्याकडे," बायको म्हणाली आणि आत निघून गेली. तिचं नेमकं बोलून आत निघून जाणं उस्तादांना फार लागायचं.

दोन दिवस उस्ताद धड जेवले नाहीत. डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. मुलगी शेवटचं पान वाचतेय, आणि पडद्यावर साडू शांतपणे, बिल्ल्यासकट, ऐकतोय. आई डोळे पुसतेय आणि म्हणतेय, "सर, तुमच्यामुळे झालं हो." ह्या 'तुमच्यामुळे'पाशी आलं की उस्ताद उठून फेऱ्या घालायला लागायचे.

शेवटी तोड काढली विमावाल्यांनीच. "अहो, साडूसाहेब नव्या विद्यार्थ्यांना एक वर्ग फुकट देतात. पोर्टलवर लिहिलंय. वर्ग संपला की ऐकल्याचा अहवाल त्यांना द्यावाच लागतो. तुम्ही नवशिके म्हणून नाव नोंदवा. कॅमेरा बंद. आवाज थोडा बसका काढा. अहवाल हातात!"

"अहो, पण नाव? अहवाल माझ्या नावाचा हवा ना?"

"कागदावरचं खरं नाव घाला. ते कोणाला ठाऊक असतं? वीस वर्षं विमे उतरवतोय मी. नवऱ्याचं पूर्ण नाव काय, हे सख्ख्या बायका फॉर्म भरताना मला विचारतात."

ही गोष्ट खरी होती. गल्लीत, घरात, सासरी सगळे त्यांना उस्तादच म्हणत. साडूही अकरा वर्षं उस्तादच म्हणत होता.

"फक्त एक करा," विमावाले म्हणाले, "पास होण्यापुरतं चांगलं वाचा. ओळखू येईल इतकं चांगलं नको. साठ टक्के ठेवा."

ठरल्या सकाळी उस्ताद गालात कापसाचा बोळा धरून बसले. दाराशी बायको तोंडात पदर धरून उभी होती, तिच्यामागे विमावाले. पडद्यावर साडू उगवला. पांढरा सदरा, मागे खरी पुस्तकं, आणि कोपऱ्यात तो बिल्ला. जवळून बघितला तर काय, नुसतं पिवळं वर्तुळ होतं. तरी तो आपल्याला किती शोभला असता, हे उस्तादांच्या मनात आलंच.

"बसा आरामात," साडू म्हणाला. "जेवढं येतं तेवढं वाचा. घाई नाही."

'बसा आरामात' म्हणतो! माझ्याच स्टुलावर बसून तीन वर्षं थरथरत होता! उस्तादांनी घसा बसवला, साठ टक्क्यांचा निश्चय केला आणि पान उघडलं.

आणि इथे सगळा डाव फसला. पान समोर आल्यावर त्यांची जीभ वाकडी चालेचना. चुकून झालेली चूक माफ असते, जाणूनबुजून केलेली नाही, हे त्यांनी शेकडो पोरांना सांगितलं होतं. खोटा नवशिका व्हायला ते तयार होते, आवाज बदलायला तयार होते, पण ह्या पानावरचं एक अक्षर मुद्दाम वाईट म्हणायला त्यांचं मन धजेना. त्यांनी हळूच कापूस काढला आणि पहिली ओळ वाचली. जशी वाचायची तशीच.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साडू ताठ बसला होता. त्याने डोळे मिटले.

दुसरी ओळ, तिसरी ओळ. उस्तादांना सूर लागला. पाचव्या ओळीपर्यंत ते मुलीला, मंडळाला आणि अठ्ठावीस मोबाइल नंबरांना विसरले. सातव्या ओळीला मात्र त्यांना साडू आठवला. 'आता कळलं असेल ह्याला,' त्यांच्या मनात आलं, 'बिल्ला म्हणजे काय आणि गळा म्हणजे काय. जळू दे थोडं. मी वीस दिवस जळतोय.' आणि ह्या आनंदात जिथे थांबायचं होतं तिथे न थांबता ते सरळ पुढे गेले.

टक.

पेन्सिल साडूच्या हातात होती. उस्तादांचं रक्त डोक्यात चढलं. 'अरे, मला टकटक करतोस? मला?' त्यांनी झाडायला तोंड उघडलं आणि सवयीने, केवळ सवयीने, आधी पानाकडे पाहिलं. थांबायची खूण तिथे होती. चांगली ठसठशीत होती.

ते मागे गेले. थांबायचं तिथे थांबले. उरलेलं पान पुरं केलं.

"उस्ताद," साडू हलकेच म्हणाला.

"कोण उस्ताद? मी दुकानदार आहे," उस्ताद बसक्या आवाजात म्हणाले.

"मागे ताई हसतायत, उस्ताद. ऐकू येतंय."

उस्तादांनी दाराकडे जळजळीत पाहिलं. विमावाले चहाचा कप घेऊन पसार झाले.

"पहिल्या ओळीलाच ओळखलं," साडू म्हणाला. "पेन्सिल आपटताना घाम फुटला मला. पण तुम्हीच सांगितलं होतंत, चूक ऐकून गप्प बसतो तो शिक्षक नव्हे."

"सांगितलं होतं," उस्ताद म्हणाले. "तेव्हा चूक तुझी होती."

साडूला हसू आलं. उस्तादांना आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते अहवालात... ती एक जागा..."

"लिहावी लागेल, उस्ताद."

"लिही, लिही. मी कुठे नको म्हणतोय?"

अहवाल तासाभरात आला. 'पठण उत्कृष्ट. चूक एक. निदर्शनास आणताच दुरुस्त केली. ग्रहणशक्ती चांगली.' ही 'ग्रहणशक्ती चांगली' उस्तादांना त्या चुकीपेक्षाही झोंबली. पण अहवाल नियमात बसला. महिना संपायला एक दिवस असताना त्यांच्या फोटोखाली गोल, पिवळा, झगझगीत बिल्ला लागला. बायकोने फोन उंच धरून सबंध घराला दाखवला. उस्तादांनी चष्मा खाली घेतला, बिल्ला डोळे भरून पाहिला, आणि त्याखालची बारीक ओळ वाचली.

'मार्गदर्शक शिक्षक', आणि पुढे साडूचं नाव.

मदतकक्षाच्या बाई तितक्याच गोड होत्या. "सर, आमच्याकडे नोंदलेलं तुमचं पहिलं सत्र त्यांच्याकडेच झालंय. नवशिके म्हणून. ते आपोआप येतं."

"बाई, तो माझा शिष्य आहे! त्याच्या पानावर बघा, त्याने माझं नाव लिहिलं असेल!"

कळफलक वाजला. "त्यांच्या पानावर मार्गदर्शक म्हणून 'उस्ताद' एवढंच लिहिलंय, सर. हे कोण?"

"मी!"

"तुमच्या कागदपत्रांत असं नाव नाहीये, सर."

उस्तादांनी हात टेकले. दुरुस्ती होणार होती. अर्ज करायचा, चाळीस कामाचे दिवस, आणि तोवर बिल्ला उतरवून ठेवायचा. म्हणजे चाळीस दिवस पानावर साडूचं नाव नाही, आणि पडद्यावर मुलगीही नाही. उस्तादांनी दुरुस्तीचा अर्ज उघडला. आपलं कागदावरचं नाव लिहिलं. बराच वेळ ते त्या अर्जाकडे बघत बसले. साडू शांतपणे ऐकतोय हे चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आलं. त्यांनी अर्ज बंद केला आणि वर्ग सुरू केला.

पडद्यावर आधी मुलीची आई आली. चेहरा अगदी खुलला होता. "सर, अभिनंदन! आणि तुम्ही त्या शांत सरांकडेच शिकलात हो! आधी सांगायचं नाही का? आता आम्हाला काही काळजीच नाही."

"हं," उस्ताद म्हणाले. बावीस वर्षांत एवढं जड अक्षर त्यांच्या घशातून निघालं नव्हतं.

आई गेली. मुलीने अठ्ठाविसावा पारा उघडला, उस्तादांनीही उघडला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि डोळे मिटले. वाचन काही सुरू होईना म्हणून त्यांनी डोळे उघडले. मुलगी हनुवटी हातावर टेकून त्यांच्याकडे बघत होती.

"सर, तुमचे सर तुमच्यापेक्षा चांगलं वाचतात का?"

'नाही' हा शब्द उस्तादांच्या जिभेच्या अगदी टोकावर आला होता. पण समोर पान उघडं होतं.

"एका ओळीत," उस्ताद म्हणाले. "हो. वाच तू."